ग्वामचं आतलं पाणी, बाहेरचं पाणी

परत आल्यापासून पडेगावातल्या आमच्या गल्लीत बाया विचारतात, "तिकडं कसं व्हतं हो?" मी म्हणते, "चांगलं व्हतं," आणि हंडा उचलून घरात येते. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी कामात तोंड घालते. हे लहानपणापासूनचं आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही नुसती उभी राहायचे. लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही. म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवते, तिकडं न गेलेल्या माणसालाही कळेल असं.

मी फिरायला गेले नव्हते. माझी लेक सुजाता ग्वाम नावाच्या बेटावर असते. बेट प्रशांत महासागरात आहे, राज्य अमेरिकेचं. आपल्या पडेगावातून निघावं, तर फुलंब्रीच्या पुढं, सिल्लोड यायच्या आत ते बेट लांबीत संपतं, एवढंच. सुजाता तिथं जंगल वाढवायच्या कामावर आहे. तिचा नवरा प्रदीप, आमचे जावई, सिल्लोडचे. दोघं इथंच विद्यापीठात शिकले, तिथंच जमलं आणि दोन्ही घरांनी आनंदानं लग्न लावून दिलं. जावई समुद्रातल्या पोवळ्यांचा अभ्यास करायचे. एका रविवारी दोन मित्रांबरोबर ते पाण्यात उतरले. मित्र परत आले. जावई आले नाहीत. होड्या फिरल्या, हेलिकॉप्टर फिरलं, आठवड्यानं शोध थांबला. पोहताना पायात घालतात ते रबरी वल्हं सापडलं. एकच.

इकडं सिल्लोडला पुण्यानुमोदन अडलं. आमच्या बौद्धांत माणूस गेला की वंदना होते, फोटोला हार घालतात, चार माणसं गेलेल्याबद्दल बोलतात, जेवण होतं. पण सुजातानं फोनवर सांगून टाकलं होतं, "काही करायचं नाही. ते सापडलेले नाहीत." दीड महिना झाला तरी तिचं तेच. भाऊबंद टोचून बोलायला लागले तसे व्याही चिडले. मी सिल्लोडला भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ती तिकडं हट्ट धरून बसलीय. आम्ही इकडं लोकांना काय तोंड दाखवावं? पोरगं गेलं आन् बापानं पाणीबी सांडलं नाय म्हणतेत."

विहीणबाई दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिला विचारल्याबिगर मी फोटोला हार घालू देणार नाय. ताई, तुम्हीच जा. तिच्या तोंडून हो आणा, मग करू द्या ह्यांना काय करायचं ते."

तोंडून हो आणायचं काम, आणि पाठवलं कुणाला तर मला. आमच्या ह्यांचे गुडघे चालत नाहीत आणि पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा माझ्याकडंच होता. दोन्ही जावयांनीच करून घेतलं होतं, "आई, तुम्हाला समुद्र दाखवतो" म्हणून.

उतरले त्या दिवशी

विमानाचं काही सांगत नाही. बसले, उतरले, पुन्हा बसले, पाय सुजले.

ग्वामच्या विमानतळावर माझी पिशवी उघडली. ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी हुंगून परत ठेवली. मेथीचं आणि कोथिंबिरीचं बी मात्र काढून घेतलं. लेकीच्या दारात दोन वाफे करावेत म्हणून मी ते फडक्यात बांधून नेलं होतं. साहेब काय बोलला ते कळलं नाही. मी मान हलवली. मला वाटलं, एवढीशी मेथी, हिनं तुमचं काय बिघडणार आहे.

बाहेर सुजाता उभी होती. गळ्याची हाडं दिसत होती. तिनं मला मिठी मारली नाही, पिशवी घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, शहरातली खोली सोडली मी. दक्षिणेला राहते. त्या जागेपाशी."

"एकटी?"

"तुन किकोंच्या मागच्या खोलीत. तुन म्हणजे आपल्याकडं आबा म्हणतो तसं. म्हातारे आहेत, मासे धरतात. शोधाच्या होडीत होते ते."

रस्त्याच्या एका बाजूला समुद्र कायम सोबत होता. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. किनाऱ्याजवळ पाणी फिकं हिरवं, आपल्या तलावासारखं गप्प. पुढं लांबवर एक पांढरी रेघ होती. तिथं लाटा फुटत होत्या. रेघेपलीकडं पाण्याचा रंग एकदम शाईसारखा होत होता. सुजाता म्हणाली, "ती रेघ म्हणजे पोवळ्यांच्या खडकाची भिंत. बेटाला तटबंदीसारखी आहे. आत ते सगळं आतलं पाणी. बाहेर ते बाहेरचं."

जावई कुठल्या पाण्यात होते ते मी विचारलं नाही.

तुन किको अंगणात उभे होते. पंच्याहत्तरीचे असतील, छाती उघडी, अंग उन्हानं रापलेलं. सुजातानं वाकून त्यांचा उजवा हात नाकाशी नेला. तिथं मोठ्या माणसाला तसा मान देतात, आपण पाया पडतो तसा. मग म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझाच हात घेऊन नाकाशी नेला. मी इतकी गडबडले की "जय भीम" म्हणून गेले. ते हसले आणि तसंच्या तसं परत म्हणाले.

जेवायला त्यांनी शेंदरी रंगाचा भात दिला. तो रंग एका झाडाच्या बियांचा असतो. भाजलेला मासा होता, आणि सोबत काळ्या खारट पाण्यात कांदा, लिंबू आणि मिरची चिरून घातलेली. मिरची आपल्यासारखीच झणझणीत. फणसाच्या जातीचं एक फळ उकडून ठेवलं होतं, चवीला बटाट्यासारखं. मी पोटभर जेवले आणि जेवताना स्वतःची लाज वाटली. सुजातानं भाताचे चार घास खाल्ले. खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर आकडे. मी विचारलं तर म्हणाली, "ओहोटीच्या वेळा."

उत्तरेचं जंगल

आठवड्यातले तीन दिवस सुजाता उत्तरेला कामाला जायची. मला बरोबर न्यायची.

उत्तर आणि दक्षिण ही दोन वेगळीच गावं वाटतात. दक्षिणेला डोंगर आणि नद्या. उत्तरेला सपाट पठार, खाली पांढरा चुनखडक आणि समुद्राकडं सरळ तुटलेले कडे. एवढा पाऊस पडतो, पण उत्तरेला एक ओढासुद्धा नाही. पाणी खडकात मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी सायीसारखं तरंगत राहतं. तेच बोअरनं उपसून सगळं बेट पितं. आमच्याकडं बोअर आटली की आणखी खाली नेतात. तिथं फार खाली नेली की खारं लागतं. सुजाता हे सांगत होती आणि मला आमच्या गल्लीतला टँकर आठवत होता. देवानं दिलं म्हणावं तर आम्ही देव मानत नाही, पण त्या बेटाला पाणी जपून दिलेलं आहे, हे खरं.

जंगलाच्या कडेला सुजाता थांबली. हात जोडल्यासारखं करून काहीतरी पुटपुटली.

"काय केलंस?"

"इथल्या मेलेल्या आज्या-आजोबांना विचारलं, आत येऊ का म्हणून. इथं विचारल्याशिवाय जात नाहीत."

"तू? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली पोर?"

"विश्वास नाही गं. पण ज्यांचं घर त्यांना विचारावं. तुन किको म्हणतात, मेलेलीसुद्धा माणसंच आहेत."

तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. मेलेल्यांना मानतेस, मग एकाला का मानत नाहीस. मी पदर सारखा केला आणि तिच्या मागं गेले.

आत गेल्यावर मला कसंतरी व्हायला लागलं. काय होतंय ते आधी कळेना. झाडं उंच, हिरवी, ओली. वडाच्या जातीची झाडं खडकावर पाय पसरून बसलेली. फळं पिकून खाली पडलेली. सगळं जागच्या जागी होतं. मग लक्षात आलं की आवाज नाही. एकही पाखरू बोलत नव्हतं. आपल्याकडं भर दुपारीसुद्धा बाभळीत काहीतरी चिवचिवत असतं. तिथं पानावरून पाणी गळालेलं ऐकू येत होतं, बस. उलट कोळी एवढे की दोन झाडांमध्ये जाळी, जाळ्याला जाळं. तोंडासमोर काठी फिरवत चालावं लागतं.

सुजातानं सांगितलं ते असं. मोठ्या युद्धानंतर बोटींच्या सामानात लपून एक तपकिरी साप इथं आला. तो झाडावर चढणारा. इथल्या पाखरांना साप माहीतच नव्हता. त्यानं अंडी खाल्ली, पिलं खाल्ली, जंगल रिकामं केलं. गावात चिमण्या, कोंबड्या आहेत, पण त्या बाहेरून आलेल्या. इथला एक खंड्या बेटावरून पार गेला, बाहेरदेशी पिंजऱ्यांत वाढवून जगवलाय. इथला कावळाही गेला. हे ऐकून मला शेजारच्या मावशी आठवल्या. निघताना त्यांनी विचारलं होतं, "तिकडं पिंडाला कावळा असतो का गं?" आमच्यात कावळ्याचं काही नसतं असं मी म्हणाले होते. तरी पण ते बेट कावळ्यावाचूनचं आहे हे ऐकून बरं वाटलं नाही.

मेथीच्या बियांना ते का घाबरले, ते मला तेव्हा कळलं.

"मग सापाचं काय करतात?"

"मेलेल्या उंदरात पॅरासिटामॉलची गोळी घालून वरून जंगलात टाकतात. सापाला तेवढी पुरते."

"आपली तापाची?"

"तीच."

"आपल्याकडं बाया ती खाऊन खुरपायला जातात," मी म्हणाले. सुजाता हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली आणि हसता हसताच थांबली, चूक झाल्यासारखी.

जंगलाजवळच तिची रोपवाटिका आहे. सोळा वर्षं मी आपल्याकडच्या सरकारी रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, त्यामुळं तिथं मला कुणाशी बोलायची गरज पडली नाही. बसले आणि हात चालू केले. काम एवढंच, पिकलेल्या फळातलं बी काढायचं आणि त्याचा गर चोळून चोळून धुवून टाकायचा. पाखराच्या पोटात तो गर निघतो आणि बी लांब कुठंतरी पडतं. आता पाखरंच नाहीत, म्हणून फळं आईच्या झाडाखालीच पडून सडतात. पाखराच्या पोटाचं काम तिथं बाया बोटांनी करतात. दुपारपर्यंत मी दोन टोपल्या केल्या. तिथल्या बायांनी माझ्याकडं बोट दाखवून सुजाताला काही म्हटलं. सुजाता म्हणाली, "म्हणतायत, तुझ्या आईला ठेवून घेऊ आणि तुला पाठवून देऊ."

मी म्हणाले, "तेच करा. तू चल माघारी."

ती म्हणाली, "आई, आजची ओहोटी साडेतीनला आहे." आणि गाडीची किल्ली घेतली.

ओहोटीचं चालणं

रोज ओहोटीला ती आतल्या पाण्यात चालायची. मी तिच्या मागं.

पाणी घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं. खाली पोवळ्यांचा खडक, भोकाभोकांचा, धारदार. काळ्या जाड काकड्यांसारखे जीव तळाशी पडलेले असतात, हलत नाहीत. निळे, पिवळे, रेघारेघांचे बारीक मासे पायांमधून पळतात. तिथं जाऊन मला पहिल्यांदा कळलं की गळ्यातल्या माळेत ओवतो ते पोवळं म्हणजे एका जिवाचं घर असतं. पण बरीच पोवळी पांढरीफटक पडलेली होती. पाणी तापलं की ती आपला रंग ओकून टाकतात आणि मरतात. जावई त्याचंच मोजमाप ठेवत होते. सुजाता एका जागी थांबून म्हणाली, "हे त्यांनी मागच्या वर्षी मोजलं होतं. तेव्हा जांभळं होतं." चितेवरच्या हाडांसारखं दिसत होतं ते. मी तिकडं फार वेळ बघितलं नाही.

ती पोवळी बघायला चालत नव्हती. नजर खडकाच्या फटींत, किनाऱ्याच्या रेघेवर. काळं काही दिसलं की झपझप जायची. चपला, बाटल्या, दोर, जाळ्याचे तुकडे. प्रत्येक वेळी तिचा वाकलेला पाठीचा कणा बघून मला वाटायचं, न सापडो. आणि मग वाटायचं, सापडो एकदाचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी वेडेपणा केला. पाण्यात सुंदर शंख दिसला, टोकाशी निमुळता, तपकिरी जाळीची नक्षी. भाचीच्या पोरीला होईल म्हणून उचलला. पुढं आणखी एक दिसला. आपण शेतात शेंगा वेचतो तसा मी पदराचा ओटा केला, दोन्ही शंख त्यात टाकले आणि ओटा पोटाशी खोचून चालायला लागले.

सुजातानं मागं वळून बघितलं आणि किंचाळली. पाणी तुडवत आली, माझ्या हातावर फाडकन मारलं, ओटा ओढून सोडला. शंख पाण्यात पडले.

"आई, कळतं का तुला! आत जिवंत असतं ते! सुई मारतं, त्यावर औषध नाही! दवाखान्यात पोचत नाही माणूस! आणि पोटाशी बांधून फिरतेस!"

हातावर बोटं उठली होती. मग माझा तोच हात धरून मला किनाऱ्यापर्यंत आणलं आणि वाळूत बसून म्हणाली, "तुला काही झालं तर मी कुणाला सांगू?"

आता बोलावं असं मला वाटलं. ती मऊ झाली होती. मी शब्दसुद्धा जुळवले, सुजे, सिल्लोडहून मला पाठवलंय. एवढ्यात तिनं घड्याळ बघितलं, म्हणाली, "अजून अर्धा तास आहे भरती यायला," आणि परत गेली.

रोज व्याह्यांचा फोन यायचा. "विचारलं का, ताई?"

"विचारते."

"कधी?"

"आज विचारते."

नदीच्या तोंडाशी

एक दिवस सुजाता एकटी कामाला गेली. माझ्या तळव्याला खडक लागला होता. मी अंगणात बसून ज्वारीचं पीठ चाळत होते. तुन किको जाळं खांद्यावर टाकून आले आणि हातानं "चला" म्हणाले. मी लंगडत मागं गेले.

त्यांच्या गावामागचे डोंगर लाल मातीचे आहेत. कुठं कुठं गवतही नाही, नुसती सोललेली लाल माती. पावसात तीच नदीतून समुद्रात येते. नदी लहान, आपल्याकडच्या खाम नदीएवढीसुद्धा नाही. ती जिथं समुद्राला मिळते तिथं मी पाहिलं की पांढरी रेघ तुटलेली आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मध्ये दाराएवढी गुळगुळीत काळी जागा. सुजातानं मला आधी सांगितलं होतं, नदीचं गोडं पाणी पोवळ्याला चालत नाही, म्हणून नदीसमोर भिंत वाढत नाही, दार उरतं. भिंतीवरून लाटांनी आत आलेलं सगळं पाणी त्याच दारातून परत बाहेर पडतं.

तुन किकोंनी वाळूतून दोन नारळ उचलले. पहिला आतल्या पाण्यात लांब फेकला. मग बसले. मीही बसले. नारळ इकडं तिकडं हेलकावला आणि हळूहळू आमच्या पायाशी आला. त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली.

दुसरा त्यांनी दाराकडं जाणाऱ्या धारेत फेकला. तो कुणी दोरीनं ओढावा तसा सरळ निघाला. उडत नव्हता, बुडत नव्हता, नुसता जात होता. लहान झाला. पांढऱ्या रेघेच्या पलीकडं गेला. एकदा दिसला. मग नाही.

म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दाराकडं बोट केलं, मग घराकडं, सुजाताच्या खोलीकडं. आणि डोकं हलवलं, नाही म्हणून.

आमच्या दोघांत एकाही शब्दाची ओळख नव्हती. तरी मला कळलं, जावई त्या दारातून गेले, ते परत लागणार नाहीत. मी पदर तोंडाला लावला. त्यांनी मला रडू दिलं, मग उठून जाळं फेकायला गेले. येताना चार मासे माझ्या हातात दिले.

चार दिवस मी ते पोटात ठेवून तिच्या मागं ओहोटीत चालले. मला ठाऊक होतं की ती चुकीच्या पाण्यात शोधतेय. तिला सांगितलं नाही. ती वाकायची, मी थांबायचे.

तुन किकोंच्या ओसरीवर

पाचव्या दिवशी दुपारी पाऊस होता, ओहोटी हुकली. तुन किको ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी भाकरी थापत होते. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, कडा करपते. म्हाताऱ्यांनी एक तुकडा मिरचीच्या पाण्यात बुडवून खाल्ला आणि माझ्या लुगड्याकडं बघून काही बोलले.

सुजाता म्हणाली, "म्हणतायत, एवढं लांब कापड गुंडाळून पाण्यात चालतेस. मी जाळं कशाला शिवतोय? तुलाच पसरून टाकतो, मासे आपोआप येतील."

"त्यांना म्हण, आधी भाकरी मोडायला शिका."

ते खो खो हसले. ओसरीवर जरा बरं वाटलं. सुजातानंही चांगली अर्धी भाकरी खाल्ली होती. मी परातीत हात धुतले आणि म्हणाले, "सुजे, त्यांना एक विचार."

"काय?"

"त्या दारातून माणूस गेला, तर कुठं जातो?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आई."

"विचार."

"आई, नको."

"मला त्यांची भाषा येत नाय. तू विचार."

तिनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग तिनं इंग्रजीत विचारलं, फार हळू. तुन किकोंनी जाळं खाली ठेवलं. ते तिच्याकडं बघून बोलले नाहीत, पावसाकडं बघून बोलले. थांबत थांबत. आणि सुजाता त्यांच्या मागून, मला समजावं म्हणून, एकेक वाक्य आपल्या भाषेत म्हणत गेली.

"म्हणतात, आतल्या पाण्यात जे बुडतं ते दोन-तीन दिवसांत किनाऱ्याला लागतं. त्यांचा भाऊ तिसऱ्या दिवशी लागला होता."

"म्हणतात, दारातून जे जातं त्याला बाहेरचं पाणी नेतं. पश्चिमेला. तिकडं कित्येक दिवस जमीनच नाही."

"म्हणतात, खाली फार खोल आहे. जगात त्याच्याहून खोल कुठं नाही."

मग म्हातारे दोन-तीन छोटी वाक्यं बोलले.

"म्हणतात," ती म्हणाली, "म्हणतात की ते... इथून गेलेला परत येत नाही. होडीतल्या सगळ्यांना ते पहिल्याच दिवशी माहीत होतं. मला म्हणतात, तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही."

तुन किको उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पावसातच बाहेर गेले.

सुजाता माझ्याकडं वळली. डोळे कोरडे होते. "तुला आधीच माहीत होतं."

"व्हय. चार दिवस झाले. त्यांनी नारळ टाकून दाखवला."

"मग तू सांगायचंस ना! मला का बोलायला लावलंस? माझ्या तोंडून का?"

खरं तेच मी सांगितलं. "माझ्यानं बोलवंना, सुजे. रोज ठरवायची. माझ्या तोंडातून निघालंच नाय."

ती म्हणाली, "तू कधीच काही बोलली नाहीस. अख्ख्या आयुष्यात." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. करपलेली भाकरी मी कोंबड्यांना टाकली.

फोन

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कामाला गेली नाही, ओहोटीलाही गेली नाही. गावातल्या बाया शेंदरी भात आणून ओसरीवर ठेवून जायच्या. तिथं माणूस गेला की नऊ दिवस रोज संध्याकाळी गावानं जमून प्रार्थना करायची आणि आलेल्याला जेवू घालायची रीत आहे. जावयांसाठीही त्यांनी ती केली होती. तेव्हा सुजाता बाहेर रस्त्यावर उभी राहिली होती, आत गेली नव्हती. हे मला तिनंच तिसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "फोन लाव आत्याला."

ती सासूला आत्या म्हणते. मी लावून तिच्या हातात दिला. तिनं तो चटईवर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला, आवाज मोठा करून.

"आत्या, मी सुजाता."

"हां, बोल गं."

"पुण्यानुमोदन करून घ्या. ह्या रविवारी करा."

पलीकडं भांडं पडल्यासारखं वाजलं आणि विहीणबाईंचा आवाज आला. त्या बाईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तू नाय म्हणत व्हतीस गं," त्या म्हणाल्या. "समदी मेला मेला म्हणत व्हती. तू एकटी नाय म्हणत व्हतीस. तू तिथं हायेस, तुला ठाव असंल, असं वाटायचं. तू नाय म्हणत व्हतीस तवर माझं लेकरू कुठंतरी व्हतं गं."

मी "हो" आणायला आले होते. त्या बाईनंच मला पाठवलं होतं. सुजाता आडवी झाली, गाल फोनजवळ चटईवर टेकवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्यानं रडली. तिकडं त्या रडत होत्या. मध्ये एवढा समुद्र, आणि दोघींचे हुंदके एकमेकांत मिसळत होते. फोन कुणी ठेवेना.

मागून व्याह्यांचा आवाज आला. "काय म्हणाली? हो म्हणाली का?"

सुजातानं तोंड चटईत खुपसलं.

"अगं, काय म्हणाली ती? ताई, हायेत का तुम्ही? हो म्हणाली का?"

मी वाकून तोंड फोनजवळ नेलं.

"व्हय," मी म्हणाले. "म्हणाली."